दातपत्रिका

ईश्वरीचा खालचा पुढचा दात गुरुवारी सकाळी भाकरी चावताना पडला आणि शुक्रवारी, भट्टीच्या सुट्टीच्या दिवशी, तिचा बाप तो घेऊन स्वतः दंत तपासणी केंद्रावर आला.

उज्ज्वला खिडकीमागे बसून नमुन्यांच्या बाटल्यांवर क्रमांक चिकटवत होती. गहिनीनाथ गर्जे तिचा सख्खा थोरला भाऊ, तरी तो तासभर रांगेत उभा राहिला. पाळी आल्यावर त्याने वहीच्या कागदाची पुडी काढून खिडकीत ठेवली.

"एक्केचाळिसावा," तो म्हणाला. "चाळीस दात आधीच दिलेत वस्तीनं. हा आमच्या ईशूचा. आता बघू ती कारखान्याची चिमणी कशी उभी राहते."

"दादा, चहा तरी घेऊन जा."

"नको, बैठक आहे. लोकं थांबलेत." निघता निघता तो परत वळला. "उज्जे, तूच बघशील ना? दुसऱ्याच्या हाती नको देऊ."

नियमाप्रमाणे नातलगाचा नमुना दुसऱ्या तंत्रज्ञाकडे द्यायला हवा होता. पण केंद्रावर तंत्रज्ञ दोनच, आणि दुसरी बाळंतपणाच्या रजेवर. "मीच बघते," उज्ज्वला म्हणाली.

कातोरे मळ्यात मळा आता कुठेच नव्हता. पोलाद कारखान्याची भिंत आणि बाह्यवळण रस्ता यांच्या मधल्या पट्ट्यात सहाशे पत्र्याची घरं होती, आणि त्या सगळ्यांवर कारखान्याची उंच चिमणी. पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावांतून आलेली माणसं इथे राहत आणि औद्योगिक वसाहतीत मिळेल ते काम करत. मुलांची पोटं दुखत, चेहरे पांढरे पडत, शाळेत अक्षरं डोक्यात राहत नसत. ईश्वरी सात वर्षांची होती, दुसरीत. कालचा धडा तिला आज आठवत नसे, आणि आठवला नाही की ती शेजारच्या मुलीला चावे. बाई म्हणत, लक्ष नाही. गहिनीनाथ म्हणे, लक्ष कुठून असणार, डोक्यावर बघा काय उभं आहे ते. दोन वर्षं त्याने सह्या गोळा केल्या, मोर्चे नेले. शेवटी साहेब लोक म्हणाले, पुरावा आणा. पुरावा पोरांच्या तोंडात होता.

२०४१ साल होतं. शाळेत बालदंत तपासणी सक्तीची होऊन सहा वर्षं झाली होती. पूर्वी पडलेला दात छपरावर फेकत, आता तो पुडीत बांधून केंद्रावर येई. कागदोपत्री त्या अहवालाला दंतालेख म्हणत, पण लोकांनी त्याला दातपत्रिका म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं. जन्मपत्रिका पुढचं सांगते, ही मागचं सांगायची.

दुधाचा दात आईच्या पोटातच, चौथ्या महिन्यापासून घडायला लागतो. रोज एक थर, केसाहून कितीतरी पातळ. झाडाच्या खोडात वर्षाचं वर्तुळ असतं, तशी दातात दिवसाची रेघ असते. जन्माच्या वेळी बाळाचं शरीर थोडं अडखळतं आणि त्या अडखळण्याची एक गडद रेघ दातात कायमची उमटते. तिच्या अलीकडे आईचं पोट, पलीकडे घर, गल्ली, गाव. पुढच्या दाताचं मूळ पुरं व्हायला बाळ दोन वर्षांचं व्हावं लागतं. तोवर त्याच्या रक्तातून जे जे वाहिलं, ते ते त्या दिवसाच्या थरात अडकून बसतं. शास्त्रज्ञांना हे पन्नास वर्षांपासून ठाऊक होतं. नवीन होतं ते यंत्र. दाताचा पातळ काप त्यात ठेवला की लेसरचा किरण थरांवरून आडवा फिरे, उडालेल्या कणांचं यंत्र वजन करी, आणि वीस मिनिटांत पडद्यावर आठवड्या-आठवड्याचा आलेख उभा राही. तापाचा आठवडा कळे. आई उपाशी राहिली तो महिना कळे. आणि शिसं कळे.

शिसं फार लबाड. शरीराला ते कॅल्शियमच वाटतं, म्हणून हाडं आणि दात त्याला ठेवून घेतात. लहान मुलाच्या मेंदूत गेलं की तिथल्या जोडण्या नीट बसू देत नाही. एकदा बिघडलेलं काम परत करता येत नाही. या शिशाला जातसुद्धा असते. त्याचे अणू चार वजनांचे असतात आणि कुठल्या खाणीतलं, कुठल्या कोळशातलं, यावर त्या चारांचं प्रमाण ठरतं. त्यामुळे दातात शिसं किती, एवढंच नव्हे तर ते आलं कुठून, हेही यंत्र सांगे.

सोमवारी दुपारी उज्ज्वलाने एक्केचाळीस क्रमांकाचा काप यंत्रात ठेवला.

रेषा जन्माच्या आधीपासूनच चढत होती. जन्मरेषेपाशी ती थोडी थबकली, मग बाळ रांगायला लागतं त्या महिन्यांत सरळ उभी वर गेली. उज्ज्वलाला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. मग तिला तो खड्डा दिसला. दहावा महिना संपता संपता रेषा घसरली होती. आठवड्यामागून आठवडा खाली, खाली. अकरा आठवडे. आणि मग एका आठवड्यात पुन्हा चढायला लागली, होती तिथे जाऊन पोचली.

चिमणी अकरा आठवडे बंद होती का? तिने त्याच वयाच्या इतर मुलांचे आलेख काढले. कुणाच्याच रेषेत त्या दिवसांत खड्डा नव्हता. चिमणी चालूच होती.

मग तिने शिशाची जात तपासली. चिमणीतून येणारं शिसं कोळशातलं. ते या दातात होतं, पण किरकोळ. बाकी सगळं जुन्या बॅटऱ्यांचं होतं, पुन्हा पुन्हा वितळवून पुन्हा पुन्हा ओतलेलं.

गहिनीनाथ बारा वर्षं बॅटरीच्या भट्टीवर कामाला होता. घराघरांवर सौरपत्रे आले, त्यांच्याबरोबर कपाटाएवढ्या बॅटऱ्या आल्या, आणि त्या निकामी झाल्या की वस्तीच्या मागच्या अंगाला असलेल्या भट्टीच्या शेडमध्ये येत. तिथे माणसं त्या घणाने फोडत, पत्रे काढत, शिसं वितळवून विटा पाडत. उज्ज्वलाचा तंत्रज्ञाचा डिप्लोमा त्या भट्टीच्या पगारावरच झाला होता.

तिने बाकीचे चाळीस नमुने त्याच चाचणीतून काढले. सव्वीस मुलांमध्ये चिमणीचं शिसं सापडलं, तेही ठरवून दिलेल्या मर्यादेच्या खाली. चिमणीची राख, धूर, छातीत बसणारी धूळ दातात उतरत नाही, म्हणून यंत्राच्या लेखी ती नव्हतीच. एक नमुना खराब निघाला. उरलेल्या तेरा जणांत आणि ईश्वरीत, मिळून चौदा जणांत, बॅटरीचं शिसं होतं, मर्यादेच्या कितीतरी पट. तिने नोंदवही उघडली. चौदांच्या चौदा बापांच्या व्यवसायापुढे एकच शब्द होता: भट्टी.

मंगळवारी काम संपवून ती साडेचारला वस्तीत गेली. तिची वहिनी अर्चना दारासमोरच्या दगडावर कपडे धूत होती. तिला पाचवा महिना होता. नवऱ्याचा करडा सदरा तिने दोन्ही हातांनी झटकला, एकदा, दोनदा, आणि मग बादलीत बुडवला. झटकलेली धूळ उन्हात तिच्या तोंडाभोवती क्षणभर तरंगली.

"या ताई. आज कशी वाट चुकली?"

"वहिनी, ईशू दहा-अकरा महिन्यांची होती तेव्हा काय झालं होतं? तुम्ही माहेरी गेला होतात का?"

"माहेरी कुठली? तेव्हाच तर ह्यांचा पाय मोडला होता." अर्चना हसली. "तुम्ही होस्टेलला होता तेव्हा. अडीच महिने प्लास्टर. घरात दाणा नव्हता, पण काय दिवस होते ताई ते! दिवसभर पोरगी ह्यांच्या पोटावर. तिथंच खायची, तिथंच झोपायची. पहिलं पाऊल टाकलं तेपण ह्यांच्या काठीला धरून."

उज्ज्वलाने मनात हिशेब केला. बाप चोवीस तास जवळ होता, आणि शिसं उतरत गेलं होतं. बापाच्या अंगातून पोरीला काहीच जात नव्हतं. जे जात होतं ते त्याच्या अंगावरून.

पाचला गहिनीनाथ आला. डोक्यावरचे केस पीठ शिंपडल्यासारखे, भुवया करड्या. "ईशे!" त्याने गल्लीच्या तोंडातूनच हाक दिली, आणि ईश्वरी धावत जाऊन त्याच्या कमरेला वेढा घालून वर चढली. गाल त्याच्या गळ्यात. त्याने खिशातून शेंगदाणे काढले, चोळून फोलपटं फुंकली आणि एकेक दाणा तिच्या तोंडात घातला.

"दादा," उज्ज्वला म्हणाली, "आधी आंघोळ कर ना."

"पाणी सातला येतं बाई. तोवर काय पोरीला लांब ठेवू?"

"भट्टीवर करून येत जा."

"तिथं एकच नळ. तो साच्यातल्या विटा थंड करायला." तो हसला. "का गं, वास येतो का माझा?"

चहा घेऊन ती परतली.

दुसऱ्या दिवशी तिने केंद्राच्या प्रमुख डॉ. वैशाली बोऱ्हाडे यांच्यासमोर चौदा आलेख ठेवले. डॉक्टरांनी ते सावकाश पाहिले, चष्मा काढला.

"घर," त्या म्हणाल्या.

अहवालाच्या शेवटी स्रोताच्या दोन चौकटी असत. घर आणि परिसर. परिसरावर खूण झाली की हवा-पाणी तपासायला पथक येई, कारखान्याला नोटीस जाई. घरावर झाली की बालसंरक्षणाची माणसं घरी येत.

"मॅडम, पण शिसं भट्टीचं आहे. घरातलं नाही."

"मुलापर्यंत पोचलं कसं? हवेतून?"

"वडिलांच्या कपड्यांवरून."

"मग घर."

"भट्टीवर आंघोळीला पाणी नाही, कपडे बदलायला खोली नाही. दारातून बाहेर पडताना ते शिसं भट्टीचं असतं. गल्ली ओलांडून दारात आलं की घराचं कसं होतं?"

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला. "तुझं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण फॉर्ममध्ये तिसरी चौकट नाही, उज्ज्वला. मी दोनदा लिहून कळवलंय. शेरा लिही खाली. मी सही करते."

"शेरा कोण वाचतं?"

"कुणी नाही."

अहवाल पाठवायला पुढच्या सोमवारपर्यंत मुदत होती. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी तिने दादाला केंद्रावर बोलावलं, दार लोटलं आणि सगळं सांगितलं. तो उभ्याने ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा चेहरा लाल झाला.

"चिमणीवाल्यांनी सांगितलं का तुला हे?"

"दादा!"

"दोन वर्षं मी उन्हातान्हात फिरलो. आणि माझी बहीण मला सांगती, की पोरीला विष मी घातलं?" त्याने दार आपटलं आणि तो गेला.

खिडकीतून तिला तो दिसत होता. तो फार लांब गेला नाही. समोरच्या लिंबाखालच्या बाकावर बसला. तळहात उघडून त्यांच्याकडे बघत बसला. तास झाला असेल. मग उठून आत आला.

"दाखव."

तिने पडद्यावर आलेख आणला. खड्ड्यावर बोट ठेवलं. "हे तुझा पाय मोडला तेव्हाचं."

"आणि ही चढली, ती?"

"तू कामावर गेलास तो आठवडा."

त्याने काचेवर हात ठेवला आणि लगेच मागे घेतला. "अर्चनीच्या पोटातल्याला?"

"कपडे वहिनींना धुवायला देऊ नकोस. आजपासून. झटकू तर मुळीच देऊ नकोस. बाहेर बदल, बाहेर धू, नखं, केस सगळं. मगच घरात ये."

"करतो." तो खाली बसला. "उज्जे, एक ऐक. कागदावर परिसर लिही. मी पाहिजे ते करतो, हवं तर घराबाहेर झोपतो. पण घर लिहिलं, तर चिमणीवाला आमच्या तोंडावर कागद फेकेल. सहाशे घरं माझ्या भरवशावर बसलीत. लिहिशील ना?"

आपल्या शिक्षणासाठी ज्याने बारा वर्षं घण मारला, तो माणूस पहिल्यांदा काहीतरी मागत होता.

"लिहीन," ती म्हणाली.

ते तिने खरंच मनापासून म्हटलं होतं. फक्त उरलेल्या तेरा घरांचं काय, हा प्रश्न राहिला. शनिवारी ती त्यातल्या पहिल्या घरी गेली, मच्छिंद्र दहिफळ्याच्या. दारात त्याची बायको सहा महिन्यांच्या मुलीला पाजत होती. उज्ज्वलाने जपून विषय काढला. बाईने पदर सारखा केला.

"तुम्ही गहिनीभाऊंच्या बहीण ना? आणि असं बोलता? आमचे हे अंगाला लागलेली घाण घरी आणतात म्हणून पोरगी आजारी? आणि चिमणी काय, देवाची उदबत्ती?"

"निदान कपडे वेगळे धुवा, ताई."

"कागद आहे का तसा? कागद दाखवा." तिने मुलीला छातीशी घट्ट धरलं आणि दार लावून घेतलं. दारावरच्या खिळ्याला मच्छिंद्रचा कामाचा सदरा टांगलेला होता. त्याच्या बाहीखाली पाळणा.

उज्ज्वला दुसऱ्या घरी गेली नाही. रविवारभर ती आपल्या भाड्याच्या खोलीत बसून राहिली. तेरा घरांतल्या आठ घरांत दोन वर्षांखालची मुलं होती. तोंडी सांगून कुणी ऐकणार नव्हतं. कागदालाच लोक घाबरतात, आणि कागदावर जागा दोनच.

सोमवारी सकाळी तिने चौदा अहवालांवर 'घर' या चौकटीत खूण केली. प्रत्येकाच्या खाली शेरा लिहिला: 'शिसे कामाच्या ठिकाणचे. तेथे आंघोळीची व कपडे बदलण्याची सोय नाही. ती करून द्यावी.' चौदा वेळा तेच वाक्य. मग अहवाल पाठवून दिले.

नऊ दिवसांनी बालसंरक्षणाची गाडी वस्तीत आली. अधिकारी सौजन्याने बोलले. घरं धुऊन घेतली, गोधड्या नेल्या, मुलांचं रक्त काढलं. आणि चौदा बापांच्या हाती हुकूम दिला. मुलाच्या रक्तातलं शिसं ठरलेल्या पातळीखाली येईपर्यंत, किमान सहा महिने, वेगळं राहायचं. बाह्यवळणाच्या पलीकडे बंद पडलेली शाळा होती, तिथे खाटा टाकल्या होत्या. रविवारी दोन तास भेट, टेबलाच्या दोन बाजूंना बसून. गहिनीनाथने हुकूम वाचला, घडी घातली, पिशवीत दोन जोड भरले. गर्दीत उज्ज्वला उभी होती. तिच्याजवळून जाताना तो थांबला नाही.

चिमणीचं प्रकरण दोन आठवड्यांत मिटलं. कारखान्याचा वकील एवढंच म्हणाला, की आधी आपापल्या बापांचे हात धुवा. सव्वीस मुलं मर्यादेच्या आत होती, चौदांचा दोष घरचा होता, एक नमुना खराब निघाला होता. वस्तीच्या बैठकीत कुणीतरी ओरडलं, "गर्जेनं आपल्याला तोंडघशी पाडलं." त्यानंतर गहिनीनाथच्या घराकडे कुणी फिरकेना.

भट्टीच्या मालकाने मात्र अहवालाची दखल घेतली. लहान मुलं असलेल्या सगळ्या कामगारांना त्याने काढून टाकलं. मुलांच्या आरोग्यासाठी उचललेलं पाऊल म्हणून त्याचा फोटो पेपरात आला. शेडच्या फाटकावर पाटी लागली: अविवाहित कामगार पाहिजेत. न्हाणीघर बांधायची गरज उरली नाही. ज्यांच्या घरात दुधाचे दातच नाहीत, त्यांच्या अंगावरून काय घरी जातं हे कुठल्या यंत्राला कळणार होतं?

एके दिवशी अर्चना केंद्रावर आली. सातवा महिना सरत आला होता. ती बसली नाही.

"ताई, एवढंच विचारायला आले. नुसतं तोंडी सांगून सोडलं असतं तर आम्ही धुतलं असतं, झाकलं असतं, काय पाहिजे ते केलं असतं. त्यांनी तर सुरूपण केलं होतं. मग कागदावर का लिहिलंत? त्यांना शब्द देऊन?"

"दुसरी तेरा घरं होती, वहिनी. ती माझं ऐकत नव्हती."

"आता ऐकतात ना. मच्छिंद्रची बायको दोन पोरं घेऊन गावी गेली. तिथं तिला सासरा उसाच्या टोळीवर धाडतो. पोरांच्या अंगात आता शिसं नाही. भाकरीपण नाही." तिने पदराने घाम पुसला. "ईशू पहिले पंधरा दिवस पाच वाजले की दारात जाऊन बसायची. आता नाही बसत. विचारतपण नाही."

उज्ज्वलाने तिला पाणी दिलं. ते तसंच ठेवून ती निघून गेली.

मुलगा कार्तिकात झाला. नाळेतल्या रक्ताची तपासणी उज्ज्वलानेच केली. शिसं ईश्वरीच्या मानाने निम्म्याहून कमी होतं, पण होतं. आठ वर्षं कपडे झटकताना अर्चनाच्या हाडांत जे साठलं होतं, ते हाड विरघळून बाळाला कॅल्शियम देताना सोबत गेलं होतं. त्याला काही इलाज नव्हता. ईश्वरीचं रक्त हळूहळू स्वच्छ होत होतं, तिची पोटदुखी थांबली. अक्षरं मात्र आली नाहीत. डॉ. बोऱ्हाडे म्हणाल्या, जे बांधायचं राहून गेलं ते राहून गेलं, आता तिला तिच्या गतीने शिकू द्या.

संक्रांतीनंतर गहिनीनाथचा हुकूम संपला आणि तो घरी आला. एका गोदामावर त्याला राखणदाराचं काम मिळालं होतं, स्वच्छ, बसून करायचं. तरी कामावरून आला की तो आधी मागच्या पडवीत जाई. पाणी सातला येई, म्हणून आदल्या रात्रीच दोन पिंप भरून ठेवी. घासणीने हात घाशी, मान घाशी, नखांत काडी घालून कोरी. कातडी सोलून लाल झालेली असे. मग घरात येऊन भिंतीपाशी बसे, हात मांडीखाली घेऊन. अर्चनाने एकदा बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं, तेव्हा त्याने दोन्ही हात वर धरले, कुणीतरी बंदूक रोखल्यासारखे. "घे, घे उचल," एवढंच म्हणत राहिला. अर्चनाने बाळ उचललं आणि ती मोरीत जाऊन रडली. ईश्वरी खिडकीत बसून हे बघत होती. ती बापाजवळ गेली नाही, आणि त्याने बोलावलंही नाही.

बहिणीशी तो बोलू लागला होता, कामापुरतं. आली तर बस म्हणे. त्या कागदाचा विषय त्याने कधी काढला नाही. त्याने शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

फाल्गुनात एका दुपारी केंद्रावर एक तरुण आला. त्याच्याकडे दात नव्हता, चिठ्ठी नव्हती. गर्दी ओसरेपर्यंत तो कोपऱ्यात थांबला आणि मग खिडकीशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, मी भट्टीवर असतो. सुदाम बडे. माझं नाव कुठं लिहू नका."

"नाही लिहीत. बोला."

"मी तिथं अविवाहित म्हणून लागलो. पण लग्न झालंय माझं. बायको गावी आहे, आठवा महिना. बाळंत झाली की इकडंच आणणार, तिकडं बघणारं कुणी नाही." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "अंगावरून जातं म्हणतात. काय करू म्हणजे जाणार नाही?"

असे किती असतील, ज्यांनी बायको-मुलं फाटकाबाहेर लपवून ठेवली आहेत? उज्ज्वलाने समोरचं नोंदपुस्तक मिटलं. तोंडी सांगण्यासारखं बरंच होतं, पण तिला दुसरंच काहीतरी सुचलं.

"चला माझ्याबरोबर," ती म्हणाली.

गहिनीनाथ नुकताच कामावरून आला होता. उज्ज्वलाने पडवीत उभं राहून त्याला सगळं सांगितलं. त्याने सुदामला वरपासून खालपर्यंत पाहिलं, करडे केस, करड्या भुवया. मग पिंपावरचं झाकण काढलं.

"बूट तिकडं, लांब. घरच्या चपलेजवळ कधी ठेवायचे नाहीत. सदरा असा काढायचा, आतली बाजू बाहेर, झटकायचा नाही. झटकलास की संपलं. पिशवीत घालायचा, तोंड बांधायचं. धुवायचा तूच, बायकोच्या हाती द्यायचा नाही, तिनं मागितला तरी. आधी डोकं. डोळे मिटून. मग कान, कानाच्या मागं. खाली बस."

सुदाम उघड्या अंगाने दगडावर बसला. गहिनीनाथने तांब्याने पाणी ओतलं. करड्या ओघळांनी दगड भरला. त्याने साबण लावला, घासणी दिली, नखं दाखवायला लावली, पुन्हा घासायला लावली. सहा महिन्यांत तो एवढं बोलला नव्हता. अर्चना बाळाला खांद्यावर घेऊन दारात येऊन उभी राहिली. तिच्या मागून ईश्वरी डोकावत होती. चौथ्या तांब्याला पाणी स्वच्छ वाहिलं.

"रोज असंच?" सुदामने विचारलं.

"रोज. पाणी नसेल तर घरात जायचं नाही. बाहेर बसायचं, पाणी येईस्तोवर. लेकरू रडलं तरी."

सुदामने तोंड पुसलं. त्याची नजर दारातल्या बाळाकडे गेली. "मग एवढं केल्यावर," तो म्हणाला, "उचलून घेता येईल ना?"

गहिनीनाथने रिकामा तांब्या पिंपावर ठेवला. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"येईल," तो म्हणाला. "तू घे."